रिकामे रविवार

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी सुपर बोलचा सामना होतो आणि अमेरिकन फुटबॉलचा हंगाम संपतो. पुढचा हंगाम उजाडतो थेट सप्टेंबरात. मधले जवळजवळ सात महिने रविवार रिकामे जातात. मी राहते त्या विस्कॉन्सिन राज्यात हे रिकामेपण घराघरात जाणवतं. ग्रीन बे पॅकर्स हा इथला संघ. हंगामात रविवारी दुपारी त्यांचा सामना सुरू झाला की मिलवॉकीच्या आसपासचे रस्ते ओस पडतात. हंगाम संपला की रस्ते पुन्हा वाहू लागतात, पण माणसं महिनाभर तरी चुकल्याचुकल्यासारखी वागतात.

पहिली काही वर्षं मलाही हे महिने नकोसे वाटायचे. आता मी त्यांची वाट पाहते. शेतात पीक उभं असताना ते डोळे भरून पाहायचं असतं. जमीन कशी आहे ते कळतं मशागतीच्या दिवसांत. या खेळाचंही तसंच आहे. सप्टेंबर ते फेब्रुवारी आपण पाहतो तो खेळ मार्च ते ऑगस्टमध्ये घडवला जातो, आणि हा प्रकार जवळपास दीडशे वर्षं चालू आहे.

माझा धाकटा भाऊ पुण्याहून आला होता तेव्हा त्याला मी पहिल्यांदा सामना दाखवला. तासाभराने तो म्हणाला, "ताई, हे खेळतात कधी गं?" प्रश्न रास्त होता. अकरा-अकरा जण समोरासमोर ओणवे होतात, चेंडू पायांमधून मागे दिला जातो, पाच-सहा सेकंद धुमश्चक्री होते, शिट्टी वाजते आणि सगळे उठून पुन्हा घोळका करून बोलत उभे राहतात. २०१० मध्ये वॉल स्ट्रीट जर्नल या वर्तमानपत्राने काही सामने घड्याळ लावून पाहिले, तेव्हा तीन तासांच्या प्रक्षेपणात चेंडू प्रत्यक्ष खेळात होता जेमतेम ११ मिनिटं. मी भावाला नियम समजावले. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. पण त्याला नियम विचारायचे नव्हतेच. इतका थांबणारा खेळ माणसं इतक्या जिवाच्या आकांताने का पाहतात, हे त्याला हवं होतं. त्या दिवशी मला ते नीट सांगता आलं नाही.

हे थांबणं खेळात मुद्दाम आणलेलं आहे. अमेरिकन फुटबॉल रग्बीतून निघाला. रग्बीत दोन्ही बाजू घोळक्यात एकमेकांना रेटतात आणि चेंडू कुणाकडे निसटेल याचा नेम नसतो. येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्पला ही अनिश्चितता खटकायची. १८८० मध्ये त्याच्या आग्रहाने नियम झाला की चेंडू एका संघाच्या ताब्यात राहील, दोन्ही संघ एका रेषेच्या अल्याडपल्याड उभे राहतील, आणि ज्यांचा चेंडू ते ठरवतील तेव्हा खेळ सुरू होईल. त्यामुळे प्रत्येक झटापटीआधी विचाराला सवड मिळाली. चेंडू हाती घेऊन डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकचं महत्त्व, प्रशिक्षकांच्या डावांच्या जाडजूड वह्या, बचावफळीने ऐनवेळी बदललेल्या जागा, हे सगळं त्या सवडीतून उगवलं.

नियमाला लगेच पळवाटही सापडली, कारण चेंडू सोडण्याची सक्ती कुणावर नव्हती. १८८१ च्या येल-प्रिन्स्टन सामन्यात प्रिन्स्टनने अर्धा सामना चेंडू नुसता धरून ठेवला आणि उरलेला अर्धा येलने. एकही गुण झाला नाही. पुढच्या वर्षी नियम आला: तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जा, नाहीतर चेंडू द्या. हे पाच यार्ड मोजायचे म्हणून मैदानावर आडव्या पांढऱ्या रेषा आखल्या गेल्या. आज टीव्हीवर दिसणारं ते पट्ट्यापट्ट्यांचं मैदान एका कंटाळवाण्या सामन्याने दिलेलं आहे.

पुढची दुरुस्ती मात्र मुलांच्या मरणातून आली. पाचच यार्ड जायचं असल्याने संघ एकमेकांचे हात आणि कपडे धरून, पाचर करून, सगळं वजन एकाच जागी घालत. हेल्मेट सक्तीचं नव्हतं. १९०५ च्या एका हंगामात किमान १८ खेळाडू दगावले, त्यांत बरीचशी शाळकरी मुलं होती. त्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारायला सांगितलं. त्यांचा स्वतःचा मुलगा त्या वेळी हार्वर्डच्या नवख्यांच्या संघात होता. तरीही नोव्हेंबरात न्यूयॉर्कमधल्या सामन्यात युनियन कॉलेजचा एक खेळाडू मेला. कोलंबिया विद्यापीठाने खेळच बंद केला. पश्चिम किनाऱ्यावर स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया रग्बीकडे वळले. अमेरिकन फुटबॉल तेव्हा संपू शकला असता, आणि तो संपला असता तर त्याला अन्याय म्हणता आलं नसतं.

तो वाचला त्या हिवाळ्यातल्या बैठकांमुळे. १९०६ साली नवे नियम आले. पाचऐवजी दहा यार्ड जायचं. दोन्ही फळ्यांच्या मध्ये चेंडूच्या लांबीइतकं अंतर ठेवायचं. आणि चेंडू हवेतून पुढे फेकायला परवानगी. हा तिसरा नियम आज फुटबॉलचा आत्मा आहे, पण तेव्हाच्या बहुतेक प्रशिक्षकांनी त्याकडे काणाडोळा केला. फेकलेला चेंडू कुणाच्याही हाताला न लागता जमिनीवर पडला तर ताबाच जायचा. एवढा धोका कोण पत्करणार?

एकाने पत्करला, आणि ती जागा माझ्या घरापासून गाडीने तासाभराच्या आत आहे. विस्कॉन्सिनच्या दक्षिण भागात लेक बेउला नावाचं तळं आहे. सेंट लुइस विद्यापीठाचा प्रशिक्षक एडी कोकेम्स मूळचा इथलाच, ग्रीन बेपासून जवळ असलेल्या स्टर्जन बेचा. १९०६ च्या उन्हाळ्यात तो आपला संघ घेऊन या तळ्याकाठी आला आणि हंगाम सुरू होईपर्यंत मुलांकडून एकच गोष्ट घोटून घेत राहिला: चेंडू फेकणं आणि झेलणं. तेव्हाचा चेंडू आजच्यापेक्षा फुगीर होता, हातात नीट मावायचा नाही. शिवणीवर बोटं रोवून फेकला तर तो स्वतःभोवती फिरत सरळ जातो, हे त्यांनी करून करून शोधलं. आज शाळेतल्या पोरालाही हे ठाऊक असतं. कुणीतरी ते पहिल्यांदा शोधलं होतं, हेच आपण विसरतो.

५ सप्टेंबर १९०६ रोजी वॉकेशा गावात कॅरोल कॉलेजविरुद्ध ब्रॅडबरी रॉबिन्सनने नियमात बसणारा पहिला चेंडू पुढे फेकला. तो कुणाला न लागता खाली पडला आणि ताबा गेला. दोन महिन्यांची मेहनत पहिल्याच फेकीला मातीत गेली. तिथे कोकेम्स कचरला असता तर नवल नव्हतं. पण त्याच सामन्यात रॉबिन्सनने पुन्हा फेकला, जॅक श्नायडरने झेलला आणि चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे पोचून २० यार्डांचा टचडाऊन झाला. सेंट लुइसने सामना २२-० असा जिंकला आणि त्या वर्षी ते एकदाही हरले नाहीत.

मी दर जूनमध्ये एकदा लेक बेउलाला जाते. काठावर घरं आहेत, पाण्यात होड्या असतात, कुणी मासे धरत बसलेलं असतं. जुने सामने पाहून मला कधी रडू आलेलं नाही, इथे एकदा आलं होतं. तिकीट काढून पाहावं असं त्या उन्हाळ्यात इथे काहीच घडत नव्हतं, आणि तरी माणसं मारणाऱ्या एका खेळाला त्याचं दुसरं आयुष्य इथेच मिळत होतं.

व्यावसायिक संघांच्या लीगमध्ये रिकाम्या महिन्यांचा सगळ्यात मोठा सोहळा म्हणजे एप्रिलमधला ड्राफ्ट. कॉलेजात खेळून आलेल्या मुलांतून संघ आळीपाळीने निवड करतात आणि जो संघ सर्वांत वाईट खेळला त्याला पहिली निवड मिळते. ही कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची. त्यांचा संघ सारखा हरत होता. चांगली मुलं जिंकणाऱ्या, पैसेवाल्या संघांकडे जायची, मग तेच संघ पुन्हा जिंकायचे. १९३५ मध्ये त्यांनी इतर मालकांना पटवलं की साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच टिकते, आणि १९३६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. पहिली निवड अर्थातच बेल यांची होती. त्यांनी जे बर्वॅंगर या शिकागोच्या खेळाडूचं नाव घेतलं आणि तो व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही.

निवडणाऱ्यांच्या चुका हा चाहत्यांचा उन्हाळी खुराक आहे. टॉम ब्रेडीने सात सुपर बोल जिंकले. २००० साली त्याचं नाव १९९ व्या क्रमांकावर पुकारलं गेलं. आमच्याकडे त्याच्याही आधीचं उदाहरण आहे. पॅकर्सना पाच अजिंक्यपदं मिळवून देणारा क्वार्टरबॅक बार्ट स्टार १९५६ मध्ये २०० वा होता. शर्यतीतली धाव मोजता येते, उडीची उंची मोजता येते. चौथ्या प्रयत्नाला, हातपाय गारठलेले असताना, माणूस काय करील हे मोजायला अजून पट्टी निघालेली नाही.

२०२५ चा ड्राफ्ट ग्रीन बेमध्ये झाला. हे शहर जेमतेम एक लाखाचं. तीन दिवसांत मिळून सुमारे ६ लाखांची हजेरी नोंदली गेली. इतक्या छोट्या गावात हा संघ टिकलाच कसा, याचं उत्तर त्याच्या मालकीत आहे. १९१९ मध्ये कर्ली लॅम्बो आणि जॉर्ज कॅलहून यांनी तो सुरू केला. कपड्यांचे पैसे मांस डबाबंद करणाऱ्या एका कंपनीने दिले, म्हणून पॅकर्स. १९२३ पासून तो गावकऱ्यांच्या मालकीचा आहे. लीगमधले बाकी ३१ संघ धनाढ्य मालकांचे. पॅकर्सचे भागधारक पाच लाखांहून जास्त. २०२१ च्या विक्रीत मीही ३०० डॉलर भरून एक शेअर घेतला. त्यावर लाभांश मिळत नाही, त्याची किंमत वाढत नाही, तो बाजारात विकता येत नाही. तो माझ्या बैठकीच्या खोलीत चौकट करून लावलाय आणि घरातल्या कुठल्याही कागदापेक्षा मला त्याचं मोल जास्त आहे.

जुलैत लॅम्बो फील्डवर, म्हणजे पॅकर्सच्या मैदानावर, भागधारकांची सभा भरते. लोक डब्यात खाऊ घेऊन, टोप्या घालून, नातवंडांसकट येतात आणि जमाखर्च ऐकतात. हा जमाखर्च गावालाच नव्हे, साऱ्या देशाला उपयोगी पडतो, कारण इतर कुठलाही संघ आपले हिशोब उघड करत नाही. टीव्हीचे आणि इतर राष्ट्रीय उत्पन्नाचे पैसे ३२ संघांत समान वाटले जातात, आणि हल्ली ही वाटणी प्रत्येकी ४० कोटी डॉलरांच्या वर गेली आहे, हे जगाला कळतं ते पॅकर्सच्या ताळेबंदातून. समान वाटणीचा पाया १९६१ मध्ये घातला गेला, पीट रोझेल लीगचे आयुक्त असताना. न्यूयॉर्कच्या संघाने तेव्हा आपला बाजार मोठा म्हणून जास्त वाटा मागितला असता, तर ग्रीन बेचा संघ आज पुस्तकात उरला असता.

२०२५ च्या वसंतात याच पॅकर्सनी एक ठराव मांडला. ईगल्स संघाने एक डाव अगदी घोटून ठेवला होता: यार्डभर अंतर हवं असलं की क्वार्टरबॅक चेंडू घेऊन पुढे घुसतो आणि मागून दोघं-तिघं त्याला ढकलतात. पॅकर्सचं म्हणणं, हे ढकलणं बंद करा, यात इजा होईल. नियम बदलायला ३२ पैकी २४ मतं लागतात. मे महिन्यात मतदान झालं, बाजूने २२ पडली. ठराव पडला.

मी ठरावाच्या बाजूने होते, आणि त्याला कारण एक जुना फोटो आहे. ३१ डिसेंबर १९६७, ग्रीन बे, तापमान उणे २५ अंश सेल्सियस. डॅलसविरुद्ध अजिंक्यपदाचा सामना, शेवटची काही सेकंदं, रेषा अर्ध्या हातावर. बार्ट स्टारने चेंडू कुणालाही न देता स्वतःच आत झेप घेतली आणि पॅकर्स २१-१७ ने जिंकले. फोटोत त्याच्या मागे चक मर्सीन दोन्ही हात वर करून हवेत झेपावलेला दिसतो. बघणाऱ्याला वाटतं तो टचडाऊनचा आनंद आहे. मर्सीनने नंतर सांगितलं की तो पंचांना दाखवत होता, मी याला ढकललेलं नाही. तेव्हा ढकलणं नियमबाह्य होतं. आपल्या सर्वांत मोठ्या क्षणी नियम पाळल्याची खूण म्हणून हात वर करणारा खेळाडू माझ्या संघाचा आहे, याचा मला अभिमान वाटतो.

आता जे सांगायचं ते हंगामात सांगणं मला कधीच जमलं नाही. रविवारी दुपारी धडक बसली की मीही इतरांसारखी ओरडते. मोकळ्या महिन्यांत तो आवाज नसतो, आणि मग माइक वेबस्टरची आठवण येते.

वेबस्टर विस्कॉन्सिनचा. उत्तरेकडच्या टोमाहॉकमध्ये जन्मला, बटाट्याच्या शेतावर वाढला, आमच्या राज्याच्या विद्यापीठात खेळला आणि पिट्सबर्ग स्टीलर्सकडून चार सुपर बोल जिंकला. तो सेंटर होता. प्रत्येक डावात चेंडू मागे देऊन पुढच्याच क्षणी समोरच्या माणसावर डोकं आपटायचं, हे त्याचं काम. असे हंगाम त्याने १७ खेळले. पुढे त्याची आठवण जायला लागली, घर मोडलं, काही काळ तो ट्रकमध्ये झोपायचा. २००२ मध्ये वयाच्या पन्नाशीत तो गेला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू बारकाईने तपासला. वरून तो धडधाकट दिसत होता. सूक्ष्मदर्शकाखाली टाऊ नावाच्या प्रथिनाचे साठे दिसले. मुष्टियोद्ध्यांत आढळणाऱ्या विकाराचं हे रूप होतं. वारंवार बसणाऱ्या धडका, बेशुद्ध न करणाऱ्या लहान धडकासुद्धा, वर्षानुवर्षं साचत जातात. डॉ. ओमालूंचा निबंध जुलै २००५ मध्ये छापून आला. लीगच्या समितीतल्या डॉक्टरांनी तो मागे घ्या म्हणून पत्र लिहिलं.

लीगच्या अधिकाऱ्याने फुटबॉल आणि या विकाराचा संबंध अमेरिकन काँग्रेससमोर मान्य केला तो मार्च २०१६ मध्ये. जुलै २०१७ मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी लीगमध्ये खेळलेल्या १११ जणांच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. ११० मेंदूंत विकार होता. या आकड्याकडे नीट पाहायला हवं. लक्षणं दिसलेल्या माणसांच्याच घरच्यांनी बहुधा मेंदू दिले, त्यामुळे सर्व खेळाडूंत हेच प्रमाण असेल असा त्याचा अर्थ होत नाही. पण तेवढा खुलासा करूनही मनाला शांतता मिळत नाही. विकाराचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं. म्हणजे येत्या हंगामात मी ज्यांच्यासाठी ओरडेन, त्यांच्यापैकी कुणाच्या डोक्यात काय साचतंय हे त्यालाही ठाऊक नाही आणि मलाही.

मग मी हा खेळ का पाहते? वेबस्टरच्या गावाकडचे लोकही पाहतात, हे उत्तर पुरत नाही. माझं उत्तर लेक बेउलाला आहे. या खेळाने मरणाच्या दारात स्वतःला बदललेलं आहे, तो पुन्हा बदलू शकतो, आणि बदलतो आहे की नाही हे पाहत राहणं हे माझ्या ३०० डॉलरांच्या कागदाचं काम आहे. २०२४ च्या मार्चमध्ये किकऑफचा, म्हणजे चेंडू लाथाडून खेळ सुरू करण्याचा, नियम पार बदलला. पूर्वी दोन्हीकडचे खेळाडू लांबून धावत येऊन पूर्ण वेगात आदळायचे. आता ते जवळजवळ उभे राहतात आणि चेंडू झेलला किंवा खाली पडला की मगच हलतात. त्याच वसंतात मागून धरून पायांवर अंग टाकून पाडण्याची एक पद्धत बंद झाली. हे पुरेसं नाही. सरावातल्या धडका आणखी कमी करता येतील, शाळकरी मुलांना टॅकल, म्हणजे समोरच्याला धरून पाडणं, शिकवण्याचं वय पुढे ढकलता येईल, आणि ते व्हायलाच हवं.

एक वाट मात्र अनपेक्षितपणे मुंबईतून निघाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं होतं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेटला तिथे मान्यता मिळाली आणि आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी साहजिकच तेवढ्याचेच मथळे केले. त्याच ठरावात फ्लॅग फुटबॉलही होता. यात कुणी कुणाला पाडत नाही. कमरेला लावलेली फीत ओढून काढली की डाव थांबतो. पाच-पाच जणांचे संघ, हेल्मेट नाही, आणि कोकेम्सने ज्यासाठी उन्हाळा घालवला ते फेकणं-झेलणं मात्र पुरेपूर. मे २०२५ मध्ये मालकांनी आपल्या खेळाडूंना ऑलिंपिकमध्ये उतरायची मुभा दिली. टॅकलचा फुटबॉल भारतात रुजवण्याचा प्रयत्नही झाला होता. २०१२ च्या सुमारास एक भारतीय लीग निघाली, तिच्यात पुणे मराठाज नावाचा संघ होता, आणि तिच्या पाठीराख्यांत ब्रँडन चिलार होता, ज्याचे वडील भारतीय आणि जो पॅकर्सकडून खेळलेला. ती फार चालली नाही. फितीचा खेळ शाळेच्या मैदानावर, दहा मुलं आणि एक चेंडू एवढ्यावर उभा राहतो. भावाला मी तो व्हिडिओ पाठवून दाखवला, तेव्हा त्याने या वेळी थांबण्याबद्दल विचारलं नाही. चेंडू कुठे मिळेल ते विचारलं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ग्रीन बेमध्ये सराव सुरू होतो. तेव्हा एक जुनी पद्धत पाळली जाते, प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डींच्या काळापासूनची. लॅम्बो फील्डच्या दाराशी लहान मुलं आपापल्या सायकली घेऊन रांगेत उभी राहतात. खेळाडू एकेकाची सायकल मागून घेतो आणि तिच्यावर बसून सरावाच्या मैदानाकडे जातो. मूल त्याचं हेल्मेट हातात घेऊन शेजारून धावतं. गेल्या वेळी मी पाहिलं तेव्हा एकशे चाळीस किलोचा एक लाइनमन गुलाबी सायकलवर गुडघे छातीशी घेऊन पॅडल मारत होता. मुलगी सात-आठ वर्षांची असेल. तिच्या हातातल्या हेल्मेटवर सरावात घालायचं जाड, मऊ आवरण चढवलेलं होतं, धडकेचा जोर कमी करणारं. त्यामुळे ते तिच्या एका हातात मावेना, म्हणून तिने ते दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं आणि धावता धावता ती दर दहा पावलांनी खाली बघून ते नीट आहे ना याची खात्री करत होती.